पिकअपला ८२ च्या जागी ७१ चा थर्मोस्टॅट टाकावा का?

प्रश्न असा आलाय. गाडी पिकअप, डिझेल, सीझनला कोकणातून आंब्याच्या पेट्या भरून ताम्हिणीमार्गे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येते. विळे सोडून चढ लागला की टेंपरेचरचा काटा मधून उठतो आणि लाल पट्टीपर्यंत जातो, मग गाडी बाजूला घेऊन थंड करायची, परत निघायचं, आणि तोपर्यंत मागे पेट्या उन्हात तापत बसतात. एकाने सांगितलं की ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट वॉल (इंजिनच्या पाण्याच्या वाटेवरची, ठराविक टेंपरेचरला उघडणारी झडप) काढ, ७१ चा टाक, इंजिन थंडच राहील. दुसऱ्याने सांगितलं वॉलच काढून फेकून दे, पुण्यात काय बर्फ पडतोय का. तर यातलं काय करावं?

दोन्ही करू नका. गॅरेजला घाटात तापणाऱ्या गाड्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना आधी कोणीतरी वॉल बदललेला किंवा काढलेला असतो, तापायची मात्र ती तशीच तापत असते. कारण हा वॉल ज्या कामासाठी आहे ते कामच वेगळं आहे, ते नीट कळलं की पुढचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थर्मोस्टॅट इंजिन किती गरम होऊ द्यायचं ते ठरवत नाही. तो इंजिन किती थंड होऊ द्यायचं नाही ते ठरवतो. सकाळी गाडी चालू केली की वॉल बंद असतो, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फक्त इंजिनच्या आतल्या आत फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन पटकन तापतं. वॉलच्या मधोमध पितळेची छोटी डबी असते, तिच्यात मेण भरलेलं असतं आणि त्यात तांब्याची भुकटी मिसळलेली असते म्हणजे उष्णता आतपर्यंत लवकर पोचावी. ठराविक टेंपरेचरला मेण वितळायला लागतं, वितळताना फुगतं, पिनेला ढकलतं, पिन वरच्या फ्रेमला टेकलेली असल्यामुळे डबीच खाली सरकते आणि तिच्याबरोबर झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग परत बंद करते. बस, एवढंच. यात वायर नाही, सेन्सर नाही (काही नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक हीटरवाला वॉल येतो तो विषय वेगळा).

वॉलवर जो ८२ आकडा ठोकलेला असतो तो उघडायला सुरुवात व्हायचा आकडा आहे. पूर्ण उघडायला त्याच्या वर अजून १०-१५ डिग्री लागतात, म्हणजे ८२ चा वॉल साधारण ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. त्यामुळे ८२ चा वॉल असून स्कॅनरवर ९० दिसतंय, ९२ दिसतंय, तर ते नॉर्मल आहे, त्यात बिघाड काहीच नाही.

आता घाटात बघा काय होतंय. काटा लालला पोचला म्हणजे कूलंट १०५-११० च्या पुढे गेलंय. त्यावेळी ८२ चा वॉल केव्हाच पूर्ण उघडून बसलेला आहे, आणि त्याच्या जागी ७१ चा असता तर तोही पूर्ण उघडलेलाच असता. दोन्ही पूर्ण उघडे, दोन्हीतून जवळजवळ तेवढंच पाणी जाणार. मग फरक पडणार कुठून? तिथे कमी पडतोय तो वॉल नाही, इंजिन जेवढी उष्णता देतंय तेवढी बाहेर टाकली जात नाहीये.

यावर लोक म्हणतात की अहो पण घाट सुरू होताना इंजिन थंड असेल तर तेवढा वेळ तरी मिळेल ना. मिळेल, किती मिळेल त्याचा ढोबळ हिशोब करून दाखवतो. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनात दीडशे किलोच्या आसपास लोखंड आणि ८ लिटर कूलंट धरा, हे सगळं मिळून एक डिग्रीने तापवायला साधारण १०० किलोज्युल लागतात. ७१ आणि ८२ मध्ये फरक ११ डिग्रीचा, म्हणजे ११०० किलोज्युल. घाटात रेडिएटर जेवढं फेकू शकतो त्यापेक्षा इंजिन फक्त ५ किलोवॅट जास्त देतंय असं धरलं तरी ११०० भागिले ५, झाले २२० सेकंद. पावणेचार मिनिटंसुद्धा नाही. ताम्हिणी चढायला लोडेड गाडीला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आणि ही पावणेचार मिनिटंही पूर्ण मिळत नाहीत. रेडिएटर बाहेरची हवा आणि आतलं कूलंट यांच्या फरकावर काम करतो. माणगावला एप्रिलच्या दुपारी हवा ३८ ची आहे, कूलंट ९८ चं, तर फरक ६० चा. कूलंट ७८ वर असेल तर फरक ४० चा, म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण बाहेर टाकणार दोन तृतीयांशच उष्णता. रेडिएटर गरम असेल तेव्हाच जास्त काम करतो हे बऱ्याच जणांच्या डोक्यात बसत नाही. त्यामुळे ७१ चा वॉल टाकला तरी कोकणातल्या उन्हात भरलेली गाडी सपाटीवर पण ७१ ला राहणार नाही, ती स्वतःची जागा शोधेल ७८ ला, ८० ला, आणि घाटाच्या पायथ्याला तुमचा फायदा दोन मिनिटांवर आलेला असेल.

इलेक्ट्रिक फॅनच्या गाड्यांना अजून एक गोष्ट. फॅन कधी लागणार ते इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतं, वॉल नाही. कंपनीने फॅन ९५ ला लावायचा ठरवला असेल तर वॉल ७१ चा टाका नाहीतर ६० चा, चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये काटा फॅनच्या आकड्यापर्यंत जाणारच.

वॉल काढूनच टाकायचा सल्ला तर ७१ पेक्षा वाईट. पुष्कळ इंजिनांत वॉलला दोन झडपा असतात. वरची रेडिएटरकडचा रस्ता उघडते, आणि त्याच वेळी खालची छोटी चकती बायपासचं (रेडिएटर टाळून परत इंजिनात जायच्या वाटेचं) भोक बंद करते, म्हणजे गरम पाणी सगळं रेडिएटरमधूनच जावं. तुम्ही वॉल काढलात की बायपास कायमचा उघडा. आता गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरला न जाताच परत वॉटर बॉडीत (पाणी फिरवणाऱ्या पंपात) येतो आणि पुन्हा इंजिनात घुसतो. गाडी सकाळी सपाटीवर थंड चालते, काटा उठतच नाही, मालक खूश, आणि लोड घेऊन चढाला लागला की आधीपेक्षा लवकर उकळते. अशा गाडीला वॉल परत बसवला आणि घाटातलं तापणं कमी झालं हे मी स्वतः केलेलं काम आहे, मालकाला पटत नव्हतं म्हणून काढून ठेवलेली रिकामी हाउसिंग आणि बायपासचं भोक बोटाने दाखवावं लागलं.

आणि थंड इंजिन म्हणजे चांगलं इंजिन हा गैरसमज डिझेलवाल्यांमध्ये फार आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो आणि मंडईच्या गाड्या नेमक्या पहाटेच निघतात. वॉल नाही किंवा ७१ चा आहे, तर रिकाम्या गाडीने तासभर चालवूनही इंजिन ६०-७० वरच लोळत राहतं. डिझेल नीट जळत नाही, अर्धवट जळालेलं लायनरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, जळताना तयार होणारं पाणी वाफ होऊन बाहेर जायच्या ऐवजी ऑइलमध्ये राहतं. ऑइल फिलरचं झाकण उघडा, आतल्या बाजूला पांढरट पिवळा लोण्यासारखा थर दिसेल. बघणारा घाबरतो की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं, आणि कित्येकदा गॅस्केट ठणठणीत असतं, इंजिन फक्त पुरेसं गरम होत नसतं. डिझेल जास्त पितं ते वेगळं, आणि लायनर-रिंगांची झीज थंड चालण्यात जास्त होते.

गाडी एप्रिल २०२० नंतरची म्हणजे बीएस-६ असेल तर हा विषय इथेच संपतो, वॉलच्या आकड्याशी खेळायचंच नाही. डीपीएफमधली (धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळायला इसीएम रिजनरेशन करतं, त्यासाठी ज्या अटी असतात त्यात कूलंट पुरेसं गरम असणं ही एक आहे. इंजिन थंड राहिलं की रिजनरेशन लांबतं, काजळी साठते, दिवा लागतो, गाडी लिंपला जाते म्हणजे ताकद कमी करून चालते आणि मग वर्कशॉपला फोर्स्ड रिजनरेशन करून घ्या. शिवाय इसीएमला कळतं की एवढा वेळ चाललो तरी टेंपरेचर येत नाहीये, तो पी०१२८ कोड टाकतो, त्याचा अर्थच कूलंट थर्मोस्टॅटच्या टेंपरेचरपर्यंत पोचत नाहीये असा. वॉरंटीत असाल तर त्यांच्या हातात आयतं कारण.

मग हे ७१ चं खूळ आलं कुठून? अमेरिकेतून. तिथल्या पुष्कळ पिकअप पेट्रोल व्ही-८. १६० फॅरनहाइट म्हणजे आपलं ७१, १८० म्हणजे ८२ आणि १९५ म्हणजे ९१. कंपन्यांनी मायलेज आणि एमिशनसाठी इंजिनं जास्त गरम चालवायला सुरुवात केली, राम पिकअपच्या ५.७ लिटर हेमीला तर २०३ चा म्हणजे ९५ सेल्सियसचा वॉल येतो. ज्यांनी सुपरचार्जर लावलाय, इग्निशन टाइमिंग पुढे घेतलंय, त्यांना पेट्रोल इंजिनात नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून होणारी ठकठक) येतं, हेड जरा थंड राहिलं तर नॉकिंग कमी होतं, म्हणून ते १८० किंवा १६० चा टाकतात. आणि ते एकटा वॉल बदलून थांबत नाहीत, ट्यूनिंगमध्ये फॅन लागायचं टेंपरेचर पण खाली आणतात, नाहीतर उपयोग नाही हे त्यांनाही माहितीय. तिथे कारण नॉकिंगचं आहे. आपलं इंजिन डिझेल, आपला प्रॉब्लेम घाटातलं लोड. आपल्याकडचे डी-मॅक्स आणि हायलक्सवाले पण ते व्हिडिओ बघून विचारायला येतात, त्यांनाही हेच सांगतो.

आता तुमची गाडी का तापतेय ते शोधू. खर्चाच्या चढत्या क्रमाने जा, स्वस्त ते आधी.

पहिलं रेडिएटर कॅप. कोणी बघत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ लाच उकळतं. कॅपमुळे सिस्टिममध्ये प्रेशर राहतं, १.१ बारची कॅप असेल तर उकळायचा आकडा वीस-पंचवीस डिग्रीने वर जातो. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, स्प्रिंग बसली की प्रेशर धरत नाही, कूलंट लवकर उकळतं, वाफ कूलंटच्या बाटलीत जाते, लेव्हल कमी होते आणि मग खरंच तापायला लागतं. वॉलच्या आकड्याने जे मिळणार नाही ते एक चांगली कॅप देते. घेताना आधीच्या कॅपवरचा प्रेशरचा आकडा बघूनच घ्या, जास्त प्रेशरची मुद्दाम टाकू नका, होज आणि प्लास्टिकच्या टाक्या फुटतात.

मग कूलंट. रस्त्यात तापली की ढाब्यावरच्या बोअरचं पाणी ओतायचं ही सवय तोडा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते तापलं की रेडिएटरच्या नळ्यांत आणि सिलिंडरच्या भोवती थर धरतात आणि उष्णता अडवतात. अडचणीत ओतावं लागलं तर ओता, इंजिन वाचवणं महत्त्वाचं, पण घरी आल्यावर ते सगळं काढून सिस्टिम धुऊन नीट मिक्स भरा. उलट टोकाचेही लोक असतात, भारी कूलंट आणून पाणी न मिसळता निव्वळ ओततात. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे नुसतं कूलंट भरलं तर गाडी जास्त तापते. मॅन्युअलमध्ये जे प्रमाण आहे ते घ्या, पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम, किंवा सरळ रेडी मिक्स. हिरवं आणि लाल एकत्र करू नका.

त्यानंतर हवा. माझ्याकडे येणाऱ्या घाटात तापणाऱ्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून इथे घाई करू नका. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, ती एसी कंडेन्सरची असते. रेडिएटर तिच्या मागे. या दोघांच्या मधल्या फटीत धूळ, भुसा, किडे, गवताचं कुसळ आणि एसीच्या ओलीमुळे चिकटलेला चिखल असं सगळं साचतं. वरचे बोल्ट सैल करून कंडेन्सर पुढे झुकवला की आतून तो थर गोधडीसारखा अख्खा सुटून हातात येतो, आणि त्याच्या मागच्या रेडिएटरच्या फिन्स (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) दिसतच नसतात. ड्रायव्हर रोज समोरून पाइप मारून धुतोय, पाणी कंडेन्सरलाच अडतंय. धुवायचं ते मागून पुढे, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, कमी प्रेशरने, नाहीतर वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा फिन्स आडव्या झोपवतो आणि मग हवा कायमचीच अडते.

तिथेच समोर काय काय लावलंय तेही बघा. दोन-तीन एक्स्ट्रा हॉर्न, फॉग लाइटचा बार, किडे नको म्हणून बारीक जाळी, एवढं सगळं ग्रिलसमोर. घाटात सेकंड गिअरला २०-२५ च्या स्पीडला समोरून येणारी हवा तशीही नगण्य, त्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो तो कोकणातून वर चढणाऱ्या गाडीच्या पाठीमागून. म्हणजे सगळी मदार फॅनवर.

फॅन व्हिस्कस कपलिंगचा असेल तर त्यात सिलिकॉन ऑइल असतं आणि पुढच्या बाजूला पत्र्याची गुंडाळलेली स्प्रिंग. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की स्प्रिंग आतली फट उघडते, ऑइल पुढे येतं आणि फॅन जोरात पकडतो. चांगला कपलिंगवाला फॅन घाटात पकडतो तेव्हा घरघर मोठा आवाज येतो, केबिनमध्ये ऐकू येतो. ड्रायव्हरला विचारा, चढावर काटा वर जाताना तो आवाज येतो का. येत नसेल तर कपलिंगवर संशय घ्या. इंजिन गरम असताना बंद करून, चावी काढून, पातं हाताने फिरवा, भिंगरीसारखं मोकळं फिरलं तर कपलिंग गेलं, जड लागायला पाहिजे. कपलिंगच्या कडेला ऑइलचा काळा तेलकट पट्टा दिसला तरी तेच. फॅनभोवतीचं काउल तुटलंय म्हणून काढून टाकलेल्या गाड्या तर मी नेहमी बघतो, काउलशिवाय फॅन इकडची-तिकडची हवा घुसळत बसतो, रेडिएटरमधून ओढत नाही. काउल बसवाच.

एवढं करूनही तापतेय तर एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, हल्ली फार महाग नाही मिळत, आणि गाडी घाटात गरम झाल्या झाल्या रेडिएटरची वरची नळी आणि खालची नळी यांचं टेंपरेचर मोजा. काळ्या रबराच्या नळीवर मोजा, चकचकीत ॲल्युमिनियमवर आकडा चुकीचा येतो. गाडी तापलीय आणि दोन्ही नळ्यांत फरक अगदी थोडा, म्हणजे पाणी भरपूर फिरतंय पण थंड होत नाहीये, तर दोष हवेकडे, फॅन-फिन्सकडे. फरक खूप मोठा, खालची नळी बरीच थंड, म्हणजे जेवढं पाणी येतंय तेवढं थंड होतंय पण येतंयच कमी, तर वॉल पूर्ण उघडत नाहीये, किंवा नळ्या आतून चोक आहेत, किंवा वॉटर बॉडीचा पंखा झिजलाय, बेल्ट सरकतोय. रेडिएटरच्या अंगावर वेगवेगळ्या जागी मोजा, मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला रॉडिंग करून म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करता येतं, ॲल्युमिनियम कोअर आणि प्लास्टिक टाकीवाल्याला ते जमत नाही, तो बदलायचाच.

आणि वॉल स्वतः तपासायचा तो असा. पातेल्यात पाणी, दोऱ्याने वॉल लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर, तोही तळाला न टेकता. हळूहळू तापवा आणि ढवळत राहा. ८२ चा वॉल ८०-८४ च्या दरम्यान हलायला पाहिजे. एक युक्ती सांगतो, दोरा झडपेच्या फटीत चिमटून लटकवा, झडप उघडायला लागली की वॉल दोऱ्यातून सुटून खाली पडतो, नेमका आकडा कळतो. मग परत घालून पाणी उकळेपर्यंत न्या आणि पूर्ण उघडल्यावर फट किती पडते ती बघा, ८-१० मिलिमीटरच्या आसपास पडायला पाहिजे. जुना वॉल आकड्यावर बरोबर हलतो पण तीन-चार मिलिमीटरवरच थांबतो, असंही होतं. असा वॉल सपाटीवर त्रास देत नाही, घाटातच दगा देतो, आणि त्याच्या जागी ७१ चा नवा टाकला की गाडी सुधारते आणि माणूस म्हणतो बघा ७१ ने काम केलं! काम नव्या वॉलने केलं, ८२ चा नवा टाकला असता तरी तेच झालं असतं.

शेवटचं आणि नको असलेलं, हेड गॅस्केट. थंड गाडी चालू केल्या केल्या वरची नळी दगडासारखी कडक होते, बाटलीत सतत बुडबुडे येतात, कूलंट कमी होतं पण गळती कुठेच दिसत नाही. ब्लॉक टेस्टरने तपासून घ्या, निळं द्रव हिरवं-पिवळं पडलं की कम्प्रेशनचा गॅस कूलंटमध्ये जातोय. तिथे वॉल, कॅप, फॅन काहीही बदललं तरी पाणी उकळणारच.

आता वॉल घ्यायचाच झाला तर कसा घ्यावा. कंपनीचा जो आकडा आहे तोच, आणि ओरिजिनल किंवा नावाजलेल्या मेकरचा. नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना जुना वॉल बरोबर न्या. फ्लँज ५४ मिलिमीटरचा बऱ्याच गाड्यांना सारखाच असतो, त्यामुळे दुसऱ्याचा वॉल आपल्यात बसतो, पण बसला म्हणजे चालला असं नाही. फ्लँजपासून खालच्या चकतीपर्यंतची उंची जुन्याशी ताडून बघा, दोन-तीन मिलिमीटर कमी असली तरी चकती बायपासला टेकणार नाही आणि वॉल काढून टाकल्याचाच परिणाम होईल. छोटी हलणारी पिन असते, जिगल पिन, ती वरच्या बाजूला येईल असा बसवा, तिथूनच अडकलेली हवा निघते. वॉलची नवीन रबरी रिंग टाका, नाक वर करून गाडी उभी करा, हळूहळू भरा, एअर पूर्ण काढा. वॉल बदलल्यावर पहिल्याच फेरीत गाडी तापली तर निम्म्या वेळा एअर राहिलेली असते.

एक स्टेप खालचा वॉल चालतो अशी एकच परिस्थिती मी मान्य करतो. जुनी गाडी, मेकॅनिकल डिझेल पंपाची, डीपीएफ नाही, कायम लोडवर आणि उन्हात, कंपनीने ८८ चा दिलाय आणि त्याच इंजिनाला गरम देशांसाठी त्याच मापाचा ८२ किंवा ७६ चा वॉल कंपनीच विकते. काही जपानी कंपन्या एकाच इंजिनाला देशाप्रमाणे असे वेगवेगळे देतात. तिथे ८८ चा ८२ करा, माझी हरकत नाही, पण बाकी सगळं आधी नीट असेल तरच, आणि ७१ तिथेही नाही. अजून एक, ज्या इंजिनात वॉल खालच्या नळीकडे म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या पाण्यावर असतो तिथला आकडा आणि वरच्या नळीकडचा आकडा यांची तुलना करू नका. आत जाणारं पाणी बाहेर येणाऱ्यापेक्षा थंडच असतं, म्हणून तिथे कमी आकड्याचा वॉल असूनही इंजिन तेवढंच गरम चालतं.

सीझन चालू आहे, गाडी उभी ठेवता येत नाही हे कळतं, तर तोपर्यंत घाटात एवढं करा. थर्डला रेटू नका, सेकंडला घेऊन आरपीएम जरा वर ठेवा, वॉटर बॉडी आणि बेल्टवरचा फॅन आरपीएमवरच फिरतात. एसी पायथ्यालाच बंद. काटा चढायला लागला तर हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, त्रास होतो पण तो एक छोटा जास्तीचा रेडिएटरच आहे. थांबावं लागलं तर लगेच बंद करू नका, बोनेट उघडून आयडलपेक्षा थोड्या जास्त आरपीएमवर दोन मिनिटं चालू ठेवा, मात्र कूलंट बाहेर फेकलं गेलं असेल तर लगेच बंद. कॅपला गरम असताना हात लावू नका, चेहऱ्यावर वाफ घेतलेली माणसं मी बघितलीत, कितीही घाई असली तरी अर्धा तास थांबा. आणि १.७ टनाच्या गाडीत अडीच टन भरून ताम्हिणी चढवत असाल तर नव्या रेडिएटरचीही तेवढी ताकद नसते, तिथे पेट्या कमी कराव्या लागतील.

कॅप बदला, कंडेन्सर झुकवून मधली फट साफ करा, कपलिंग हाताने तपासा, आणि पुढच्या फेरीला काटा उठला की दोन्ही नळ्यांचे आकडे, बाहेरचं टेंपरेचर आणि गाडी कुठल्या सालची ते लिहून पाठवा. त्यावरून रेडिएटर काढायचा की वॉटर बॉडी उघडायची ते सांगतो.